बेडूक फेका, मरळ काढा!

टीव्हीवर अमेरिकन मंडळी बास पकडताना पाहून हात शिवशिवतात ना? आपल्या तलावांत बास नाही, पण टेन्शन नको. वाशीम-पुसद रस्त्यावर अनसिंगला उतरा. या भागातल्या तलावांत बासच्या तोडीची मरळ आहे! दडून बसणारी, एका झेपेत भक्ष्य गिळणारी. मोठ्ठं पाणीच हवं असेल तर पैनगंगेवरचं इसापूर धरण आहे. पण मला विचाराल, तर मरळीसाठी छोटा तलावच बेस्ट. मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा आधी त्यांना विचारा. त्यांचं घर त्यावर चालतं.

जागा कशी हेरायची? मरळीला हवा घ्यायला वर यावंच लागतं. शेवाळाच्या कडेला 'गुळुक' झालं की समजायचं. काठावरचे काका मला म्हणाले, "भाऊ, आधी पानी पाहा, मंग गय टाका."

आमिष? रबरी बेडूक. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले, म्हणून तो गवतात अडकत नाही. चमच्याला मात्र पहिल्याच फेकीत शेवाळाची जुडी लागते. बेडूक गवतापलीकडे फेका, थांबत थांबत ओढा. पाणी फुटलं की लगेच हिसका नको. मनात 'एक, दोन' म्हणा, मग ओढा.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा झुबका दिसला, तर खाली आई-बाप राखणीला असतात. बेडकावर ते झेपावतील, पण पिल्लांच्या काळजीनं. ते गेले की पिल्लं इतर माशांच्या तोंडी. काकांनी असा झुबका दिसताच गळ गुंडाळला आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाला चालू लागले.