घड्याळ गोल दिसतंय का?

माझ्या कामाच्या पिशवीत टेस्टर, मल्टीमीटर आणि सोल्डरगनच्या जोडीला शिंप्याकडे असते तसली एक टेप असते. हाताखालची नवी पोरं विचारतात, "काका, टीव्हीच्या कामाला टेप कशाला?" मी सांगतो, घड्याळ मोजायला.

1986 साली मी कराडात एका दुकानात काम शिकायला लागलो, तेव्हा लाकडी शटरचे कृष्णधवल टीव्ही दुरुस्तीला यायचे. चित्राची उंची मागच्या प्रीसेटवर बारीक स्क्रू ड्रायव्हरनं बसवायची. उस्ताद पॅटर्न जनरेटर जोडायचे, की पडद्यावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी आणि मधोमध एक वर्तुळ यायचं. हाइट जास्त झाली की त्याचं अंडं व्हायचं. लिनिअ‍ॅरिटी बिघडली की वरचा अर्धा फुगायचा, खालचा चेपायचा. उस्तादांचं एकच सांगणं असायचं: आधी गोल गोल कर, मग बाकीचं बघू. आता पिक्चर ट्यूब गेली, प्रीसेटही गेले. बिघाड मात्र तोच राहिला, फक्त तो आता टीव्हीच्या आत नसतो, वायरीत आणि मेनूत असतो.

ओगलेवाडीच्या एका आजींकडे गेलो होतो. मुलानं नवा 32 इंची एलईडी घेतला होता. मुलीच्या लग्नाची 1998 सालची कॅसेट डीव्हीडीवर उतरवून घेतलेली. ती लावली की चित्र काळं-पांढरं येई. डीव्हीडी खराब निघाली असं मुलानं ठरवून टाकलं होतं.

टीव्ही भिंतीपासून थोडा ओढला आणि बॅटरी मारून मागं पाहिलं. प्लेअरची पिवळी पिन टीव्हीच्या हिरव्या सॉकेटमध्ये होती. तिथं दुसरं पिवळं सॉकेटच नव्हतं, हिरव्याच्या कडेला अर्धं पिवळं कडं रंगवलेलं होतं. म्हणजे एकच भोक दोन कामांना. पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग एकत्र येतात. कंपोनंट जोडणीत मात्र तीन वायरी लागतात: हिरवीतून फक्त उजेड, निळी आणि लाल या दोन्हींतून रंगाचा हिशेब. टीव्हीच्या सोर्समध्ये 'कंपोनंट' निवडलेलं होतं. त्यामुळे टीव्ही त्या पिनेतून फक्त उजेड घेत होता आणि रंगासाठी रिकाम्या सॉकेटांची वाट बघत होता. सोर्स बदलून 'एव्ही' केला. मांडवातले हिरवे शालू, गुलाबी फेटे एकदम उमटले. डीव्हीडीला काहीही झालेलं नव्हतं.

मुलगा खूश झाला, पैसे काढायला आत गेला. आजी मात्र पडद्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दादा, आमचे हे असे नव्हते रे. अंगानं सडसडीत होते." पडद्यावर आजोबा अक्षता वाटत होते, गाल फुगलेले, खांदे दाराएवढे.

मुहूर्ताची वेळ दाखवायला त्या काळचे शूटिंगवाले कार्यालयातलं घड्याळ हमखास घ्यायचे. मी डीव्हीडी पुढं नेली. घड्याळ आलं, बारा पस्तीस. तिथंच थांबवून तबकडीला टेप लावली. रुंदी 8 इंच, उंची 6. गुणोत्तर बरोबर चारास तीन. जुनं 4:3 आकाराचं चित्र टीव्हीनं 16:9 पडद्यावर कडेपर्यंत ताणलं होतं. अशा वेळी प्रत्येक माणूस एक तृतीयांशानं रुंद होतो. टीव्हीचा पिक्चर साइज 'फुल'वरून '4:3' केला आणि पुन्हा टेप लावली. 6 आणि 6.

हे का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत चित्र साधारणपणे 720 बाय 576 ठिपक्यांचं असतं, मग ते 4:3 असो की 16:9. ठिपके तेवढेच. ते पसरून कोणत्या आकाराचं चित्र करायचं, हे सांगणारी खूण डिस्कवर वेगळी असते. प्लेअर ती वाचतो, पण पिवळ्या पिनेच्या वायरीवरून ती सहसा टीव्हीपर्यंत पोचत नाही. टीव्हीला फक्त चित्र मिळतं, आणि आकार तो आपल्या मेनूत असेल तसा धरतो. म्हणून प्लेअरच्या सेटअपमध्ये 'टीव्ही टाइप' आणि टीव्हीतला 'पिक्चर साइज' ही दोन्ही ठिकाणं बघावी लागतात. एकीकडे चूक असली की माणसं जाडी किंवा काठीसारखी उंच होतात. दोन्हीकडे चूक असली की कधी कधी चित्र चारी बाजूंनी काळ्या चौकटीत आक्रसून बसतं. मी नेहमी उगमापासून निघतो: आधी डिस्क किंवा चॅनल, मग बॉक्स, मग टीव्ही. चित्र ताणायचंच असेल तर ते एकाच ठिकाणी ताणलं जावं.

अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या कॅसेटा आणि प्लेअर ही एक निराळी गोष्ट. तिकडची एनटीएससी 525 रेघांची, आपली पाल 625 रेघांची. जुन्या टीव्हीवर ते चित्र रंग सोडायचं किंवा वरखाली फिरत राहायचं. आताचे टीव्ही दोन्ही ओळखतात.

एचडीएमआय आल्यावर हे सगळं मिटायला हवं होतं. तिच्या 19 पिनांमधल्या दोन पिनांवरून टीव्ही बॉक्सला सांगतो, मला कोणकोणते आकार चालतात. पण मधे खराब वायर किंवा स्वस्तातला स्प्लिटर आला की ते बोलणं तुटतं. कुणी हातानं बॉक्स 1080पी वर ठेवतो आणि जुना एचडी रेडी टीव्ही 'नो सिग्नल' दाखवतो. तेव्हा बॉक्स बदलायला निघू नका. पिवळी पिन लावा. बहुतेक बॉक्स तिच्यावर मेनू दाखवतात, तिथून रिझोल्यूशन 720 करा आणि मग एचडीएमआयवर परत या. बातम्यांची खालची पट्टी कापली जात असेल तर ते ओव्हरस्कॅन. पिक्चर ट्यूबच्या कडा चौकटीखाली झाकायच्या म्हणून चित्र थोडं मोठं ठेवण्याची ती जुनी रीत नव्या टीव्हीतही राहिली आहे. मेनूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा.

एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. टीव्ही बसवायला येणारी माणसं सगळं सरसकट 'फुल'वर ठेवून जातात. त्यांचाही नाइलाज असतो म्हणा. 32 इंची पडदा रुंदीला सुमारे 28 इंच आणि उंचीला पावणेसोळा. त्यात जुनं चित्र नीट बसवलं तर ते 21 इंच रुंद येतं आणि दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन इंच काळं राहतं. गिऱ्हाईक म्हणतं, पैसे पूर्ण पडद्याचे दिलेत, मग हे रिकामं का? ओगलेवाडीच्या मुलानंही तेच विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत आजी म्हणाल्या, "राहू दे काळं." आणि त्यांनी मला डीव्हीडी पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितली.

तुमच्या घरी जुन्या लग्नाची, बारशाची डीव्हीडी असेल तर ती आज लावा. त्यात समोरून घेतलेलं घड्याळ शोधा, तिथं चित्र थांबवा आणि रुंदी-उंची मोजून बघा. आकडे जुळले नाहीत तर रिमोटवरचं पिक्चर साइजचं बटण दाबत जा. त्याला एक पैसाही लागत नाही.