झेरमॅटला एक तिकीट

झेरमॅट गावात मोटारीला मज्जाव आहे, हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. निदान एका बाबतीत तरी तिथले कोट्यधीश आणि मी एका पायरीवर येणार होतो. मोटारवाल्यांनी आपले वाहन पाच किलोमीटर अलीकडे टेश गावी ठेवायचे आणि तिथून बारा मिनिटांच्या आगगाडीने वर यायचे. आमच्याकडे मोटार नाही, तेव्हा ती ठेवण्याचे भाडेही वाचले! बचतीचा हा श्रीगणेशा करून आम्ही उभयता सप्टेंबरातल्या एका दुपारी झेरमॅट स्टेशनावर उतरलो. पाठीवर पोत्याएवढ्या दोन पिशव्या. त्या जर्मनीत शिकणाऱ्या भाच्याच्या. "मामा, तिकडे चाकांची बॅग घेऊन जाऊ नका, हसतील," असे बजावून त्याने त्या आमच्या गळ्यात, म्हणजे पाठीवर, मारल्या होत्या.

स्टेशनाबाहेर विजेवर चालणाऱ्या, उभ्या कपाटासारख्या दिसणाऱ्या चिमुकल्या गाड्या हॉटेलांच्या पाहुण्यांना न्यायला आल्या होत्या. आमच्यासाठी अर्थातच कोणी आले नव्हते. युवकांच्या वसतिगृहात आमच्या दोन खाटा ठरलेल्या, आणि तिथे पाहुण्याने पायी यावे अशीच अपेक्षा असते. 'युवक' या शब्दाचा अर्थ तिथली मंडळी उदार मनाने लावतात, हे शेहेचाळिसाव्या वर्षी फार उपयोगी पडले.

आता एवढ्या महागड्या गावी मराठीच्या मास्तराने कशाला जावे, असे आपण विचाराल. त्याला कारण एक कॅलेंडर. माझे सासरे कल्याणला रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. त्यांच्या खोलीत घड्याळाच्या कंपनीचे एक जुने कॅलेंडर टांगलेले असे. साल कधीच उलटून गेले होते, पण चित्र काढले नव्हते. एक वाकड्या शेंड्याचा, एकटा उभा राहिलेला बर्फाचा डोंगर आणि त्याच्या पुढ्यात तळे. तळ्यात तोच डोंगर उलटा. जन्मभर खिडकीतून लोकांना तिकिटे देणाऱ्या माणसाने स्वतः नाशिकच्या पलीकडे फारसा प्रवास केला नाही. ते गेल्यावर भिंत रंगवताना ते कॅलेंडरही गेले. डोंगराचे नाव मॅटरहॉर्न, उंची ४,४७८ मीटर, हे आमच्या सौ.ने पुढे कधीतरी शोधून काढले आणि तेव्हापासून घरात एक न बोललेला बेत शिजत राहिला.

पहिल्या संध्याकाळी मी गुणाकार करण्यात गुंग होतो. एका फ्रँकला सोयीसाठी शंभर रुपये धरावेत, हिशेब तोंडी होतो. कॉफीचा पेला पाच-सहा फ्रँक, म्हणजे सहाशे रुपये. बर्फात पाऊल न टाकता केवळ दुकानाच्या काचेतून बघायचे बूट चाळीस हजार! "अहो, पुरे तो गुणाकार," सौ. म्हणाली, "बघायचे पैसे पडत नाहीत." ते खरेच होते. पाण्याचेही पडत नाहीत. रस्त्यांवरच्या कारंज्यांना गार, गोड पाणी असते. बाटली भरून घ्यावी. स्टेशनासमोरच्या किराणा-भांडारात पाव, चीज, टोमॅटो मिळतात. त्याला घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी लावली की राजेशाही जेवण! नदीकाठच्या बाकावर बसून आम्ही ते जेवलो. शेजारच्या उपाहारगृहातल्या लोकांच्या समोर जी नदी होती, तीच आमच्यासमोर होती. रात्री सौ. बायकांच्या खोलीत आणि मी पुरुषांच्या खोलीत, वरच्या खाटेवर. लग्नाला वीस वर्षे झाल्यावर असा विरह तरुणांनाच परवडतो, आणि तोही स्वस्तात.

डोंगर मात्र नव्हता. गावाच्या डोक्यावर करड्या ढगांचे छत. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. आमचा मुक्काम दोन रात्रींचा. तिसऱ्या रात्रीचा हिशेब बसत नव्हता. तेव्हा माझ्या ध्यानात आले की महागड्या गावात सगळ्यात महाग वस्तू कॉफी नव्हे, बूटही नव्हेत. ती म्हणजे थांबणे. पैसेवाला ढगाला म्हणतो, "सावकाश जा, मी आहे आठवडाभर." आमच्यासारख्याला ढगाने ठरल्या वेळी हलायला हवे.

वसतिगृहात एक पडदा होता. त्यावर निरनिराळ्या उंचीवरच्या जागांची ताजी चित्रे दिसत. गावाच्या चित्रात करडा कापूस. पण गॉर्नरग्राटच्या चित्रात लख्ख ऊन, आणि खाली ढगांचा समुद्र! गॉर्नरग्राट ३,०८९ मीटरवर. तिथवर १८९८ साली दातेरी रुळांची विजेची गाडी नेलेली आहे. वाटेत रोटेनबोडेन स्टेशनाजवळ रिफेलझे नावाचे तळे लागते. सौ. त्या पडद्यासमोरून हलेना. कॅलेंडरातले तळे ते हेच.

तिकीट-खिडकीपाशी मी पाटी वाचली. जाऊन येण्याचे भाडे माणशी शंभर फ्रँकांच्या पुढे. इथे माझ्या शहाणपणाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. परक्या पाहुण्यांना या देशात महिनाभराचे अर्ध्या भाड्याचे कार्ड मिळते. ते मी घरी बसून, कागदावर आकडे मांडून नाकारले होते. झेरमॅटपर्यंतच्या गाड्यांची भाडी बेरजेत धरली. डोंगरावरच्या गाडीलाही ते चालते, हे धरलेच नाही. आता दोन कार्डे घेऊन काही उरत नव्हते.

"तू जाऊन ये," मी म्हटले.

"दोघं जाऊ, नाहीतर राहू दे."

"तुझ्या बाबांचं चित्र आहे. मी काय, खाली बघण्यासारखं पुष्कळ आहे."

ती गेली. खरे सांगायचे तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे पाकिटात होते. अडीअडचणीला म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवलेल्या दोन नोटा. ही अडचण नव्हे, असे मी ठरवले होते. गाडी वळणाआड झाली तेव्हा ते ठरवणे फारसे बरोबर वाटेना.

खाली बघण्यासारखे खरोखरच होते. हिंटरडॉर्फ या जुन्या भागात लार्च लाकडाची, उन्हाने काळी पडलेली कोठारे आहेत, सोळाव्या ते अठराव्या शतकांतली. खुंट्यांसारखे पाय, आणि प्रत्येक पायावर जात्याच्या तळीसारखा दगड. त्यामुळे उंदीर वर चढू शकत नाही. हे गाव तेव्हा गरीब होते. राईचा पाव वर्षातून दोन-तीनदाच भाजायचा आणि महिनोन्‌महिने पुरवायचा, कोयत्याने तोडावा इतका कडक झाला तरी. ते वाचून मला या गावाविषयी एकदम आपुलकी वाटली. आज तिथल्या दुकानात घड्याळाची किंमत बघून छातीत धस्स होते, पण त्यांचेही पणजोबा पाव मोजूनच खात होते.

तिथून चर्चजवळच्या दफनभूमीत गेलो. १८६५ साली १४ जुलैला सातजण मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचले. म्होरक्या एडवर्ड व्हिंपर पंचवीस वर्षांचा, लाकडावर चित्रे कोरणारा कारागीर. लंडनच्या प्रकाशकाने आल्प्सची चित्रे काढायला पाठवला आणि डोंगराच्याच नादी लागला. उतरताना हॅडो नावाच्या तरुणाचा पाय घसरला, तो पुढच्या मिशेल क्रो या वाटाड्यावर आदळला, चौघे खाली गेले. मधला दोर तुटला म्हणून मागचे तिघे वाचले. तुटलेला दोर गावच्या संग्रहालयात आहे. तिथे तिकीट पडते. क्रोची कबर बघायला पडत नाही. चौघांतल्या लॉर्ड फ्रान्सिस डग्लसचा देह तर सापडलाच नाही. ढगाखाली त्या थडग्यांमधून हिंडताना मन रमेना. वरची गाडी दर चोवीस मिनिटांनी सुटते. दोनदा मी स्टेशनाच्या दारापर्यंत गेलो, खिशात हात घातला, आणि दोनदा कोठारे पाहायला परत आलो.

तीनच्या सुमारास सौ. उतरली. नाक उन्हाने लाल झालेले. माझ्या अंगात स्वेटर, गळ्यात मफलर.

"दिसला?"

"दिसला. तळ्यातसुद्धा. मधेच वारा यायचा आणि मोडायचा, मग परत जुळायचा." थोडे थांबून म्हणाली, "समोरची जागा रिकामी होती गाडीत. सगळ्यांनी विचारलं, कुणी येणार आहे का."

मी काही बोललो नाही. तिने पर्समधून तिकीट काढले. "हे परत द्यावं लागतं का हो?"

"नाही. आता कोण घेणार?"

"बाबा घेऊन ठेवायचे," ती म्हणाली आणि तिकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात गेले.

तिसऱ्या दिवशी पहाटे कोणी दार वाजवले. खोलीतल्या पाच तरुणांची झोप मोडू नये म्हणून मी अनवाणीच बाहेर आलो. "चला, ढग नाहीत," एवढेच बोलून ती पुढे झाली. चर्चपलीकडच्या पुलावर आमच्या आधी दहा-बारा माणसे तिकाटण्यांवर कॅमेरे लावून उभी होती. डोंगर गावाच्या शेवटी, घरांच्या छपरांवर, अगदी अनपेक्षित जवळ उभा होता; आधी निळसर, मग शेंड्यावर केशरी ठिपका पडला आणि तो रंग हळूहळू खाली उतरत आला. कोणी बोलत नव्हते. माझ्याकडून गुणाकार झाला नाही.

"चित्रातल्यापेक्षा वाकडा वाटतो," मी म्हटले.

"पुढं तळं नाही ना," सौ. म्हणाली. "पुढच्या खेपेला तुम्ही वर जा. मी थांबेन खाली."

ऊन पुलापर्यंत आले तसे कॅमेरेवाले पांगले. आमची गाडी साडेनऊची होती. पण त्याआधी वसतिगृहात न्याहारी होती, आणि ती खाटेच्या भाड्यात धरलेली असल्यामुळे आम्ही जरा झपझप चालू लागलो.