हिरोशिमाचं धिरडं, धाराशिवची चिंच

महाराष्ट्राचा नकाशा घ्या. सोलापूरच्या थोडं वर आणि लातूरच्या डाव्या अंगाला बोट ठेवा. बालाघाटच्या डोंगररांगांवर पसरलेला हा आमचा धाराशिव जिल्हा. तुमच्या आईबाबांच्या शाळेच्या दाखल्यावर याचं नाव उस्मानाबाद असं सापडेल. २०२३ साली ते धाराशिव झालं. इथं यायचं म्हटलं की लोक तुळजापूरला भवानीमातेच्या दर्शनाला जातात, नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहाल बघतात आणि परततात. आज आपण यातलं काहीच बघायचं नाही. आज आपण एका वाटीतल्या सॉसच्या मागं मागं हिंडायचं आहे. आणि गंमत पाहा, तो सॉस आहे जपानचा!

आता जपानचा सॉस आमच्या खेड्यात कुठून आला? ऐका.

आमच्या चौथीच्या वर्गात 'देशोदेशीचं जेवण' असा तक्ता मी लावला होता. त्यात एक चित्र होतं. तव्यावर जाडसर गोल काहीतरी भाजत ठेवलंय, त्यात कोबी दिसतोय आणि वरून काळपट, चकचकीत असं काहीतरी ओतलंय. खाली नाव होतं 'ओकोनोमियाकी'. नाव वाचता वाचता पोरांची जीभ अडखळली. पण मागच्या बाकावरून एक मुलगी पटकन म्हणाली, "बाई, हे तर आमच्या धिरड्यावाणी हाय की!" दुसरा म्हणाला, "पर वरून काळं काय ओतलंय? काकवी हाय का?"

प्रश्न मोठा चांगला होता. ती काकवी नव्हती, पण पोरगा फार लांबही नव्हता.

जपानी भाषेत 'ओकोनोमी' म्हणजे 'आपल्या आवडीचं' आणि 'याकी' म्हणजे 'भाजलेलं'. आवडेल ते घाला आणि भाजा! गव्हाचं पीठ पातळ कालवायचं, त्यात भरपूर बारीक चिरलेला कोबी आणि अंडं घालायचं. ओसाका शहरात सगळं एकत्र कालवून तव्यावर घालतात. हिरोशिमात आधी पातळ धिरडं पसरतात आणि त्यावर कोबी, शेवया, अंडं असे थरावर थर रचतात. शेवटी वरून तो काळा सॉस. तो नसेल, तर जपानी मुलं ताटाला हात लावणार नाहीत, असं समजा.

हा सॉस आंबट, गोड, खारट आणि किंचित तिखट असतो. त्याचं मूळ मात्र जपानात नाही, इंग्लंडात आहे. तिथल्या वूस्टर गावात १८३७ साली एक पातळ, झणझणीत सॉस बाटलीतून विकायला सुरुवात झाली. गावाच्या नावावरून तो वूस्टर सॉस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो जपानात पोचला. जपान्यांनी त्यात फळं आणि भाज्या वाढवून तो आपल्या जिभेला रुचेल असा केला. आता त्या मूळच्या इंग्रजी सॉसमध्ये काय काय असतं? व्हिनेगर, उसाची मळी, कांदा, लसूण, खारवलेले छोटे मासे आणि... चिंच!

हो, आपली चिंच. चला तर मग, आधी चिंचेकडेच जाऊ.

धाराशिव शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी तेर नावाचं गाव आहे. संत गोरोबाकाकांचं हे गाव. पण गोरोबाकाकांच्याही हजारभर वर्षं आधी ते जगाला ठाऊक होतं, 'तगर' या नावानं. सुमारे २००० वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका प्रवासग्रंथात लिहिलं आहे की, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जातं. तिथून ते जहाजानं परदेशी जाई. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे पुराणवस्तू संग्रहालयात त्या काळातल्या वस्तू आजही बघायला मिळतात. म्हणजे आमच्या आडवळणाच्या गावातून मालाच्या गाड्या परदेशच्या वाटेला लागत, तेव्हा इंग्लंडातल्या सॉसचा पत्ताही नव्हता!

याच भागात हिंडताना बांधाबांधावर चिंचेची झाडं दिसतात. माघ-फाल्गुनात चिंचा पिकतात. पुरुष फांद्या झोडपतात, बाया खाली चिंचा वेचतात. मग ओसरीवर बसून चिंच फोडायची, शिरा काढायच्या, चिंचोके वेगळे करायचे, असं काम चालतं. बोटं काळी पडतात, अंगठा सोलवटतो. ही फोडलेली चिंच बार्शीच्या, लातूरच्या बाजाराला जाते. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोली गावच्या चिंचेला तर अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आणि लातूर जिल्हा १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्याचा भाग होता, बरं का! चिंचेचं नावच गावाच्या नावात आहे, ते तुमच्या ध्यानात आलं का?

नावावरून आठवलं. चिंचेला इंग्रजीत 'टॅमरिंड' म्हणतात. हा शब्द अरबी 'तमर हिंदी'वरून आला. तमर म्हणजे खजूर. अरब व्यापाऱ्यांना हा आंबट, तपकिरी गर खजुरासारखा वाटला, म्हणून तो झाला 'हिंदुस्थानचा खजूर'. खरं तर चिंचेचं झाड मुळात आफ्रिकेतलं. पण हजारो वर्षं इथं राहून ते इतकं आपलं झालं, की जगानं त्याला आपलंच नाव दिलं.

आता सॉसमधली दुसरी वस्तू, सोया सॉस. जपानी लोक त्याला 'शोयू' म्हणतात. सोयाबीन आणि गहू यांवर एक खास बुरशी वाढवतात, मग ते मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने मुरवतात. आणि सोयाबीन कुठं पिकतं? जून-जुलैत आमच्याकडं या, कळंब, उमरगा, तुळजापूर, वाटेल तिकडं जा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनच सोयाबीन! दसरा-दिवाळीला रास घरी येते नि आठवड्यात अडतीवर जाते. त्याचं तेल निघतं, पेंड निघते. पण सोयाबीनचा सॉस होतो, हे आमच्या वर्गातल्या एकाही शेतकऱ्याच्या लेकराला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी बापाला सांगितलं, तेव्हा बापही चकित झाले.

पण बालमित्रांनो, या सॉसची खरी गोष्ट पुढंच आहे.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं दगावली. शहराची राख झाली. उरलेल्यांना खायला तांदूळ मिळेना. मदत म्हणून अमेरिकेचं गव्हाचं पीठ येऊ लागलं. युद्धाआधी तिथं मुलांसाठी एका पैशाला मिळणारं पातळ धिरडं असायचं. लोकांना ते आठवलं. लोखंडी पत्रा तापवायचा, पीठ पसरायचं, वर स्वस्तातला कोबी घालायचा. अशा टपऱ्या जागोजागी निघाल्या. कित्येक टपऱ्या बायकांनी चालवल्या. काहींची घरातली कर्ती माणसं युद्धात गेली होती. पोटाला आधार झाला. पण पातळ वूस्टर सॉस धिरड्यावरून ओघळून तव्यावर जळून जाई. म्हणून १९५२ साली हिरोशिमातल्याच 'ओताफुकु' नावाच्या कंपनीनं खास या धिरड्यासाठी दाट सॉस काढला. पुढं त्यात गोडीसाठी काय घातलं असेल? खजूर! म्हणजे खजूर आणि 'हिंदुस्थानचा खजूर', दोघे भाऊ एका गोष्टीत भेटले.

ही गोष्ट वर्गात सांगितली, त्या दिवशी एका मुलीची आजी तिला न्यायला आली होती. ती दाराशी उभी राहून ऐकत होती. आजीचं माहेर सास्तूरकडचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला लातूर-धाराशिवच्या सीमेवर भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. हजारो माणसं झोपेतच गेली. आजी म्हणाली, "बाई, मीबी असंच धिरडं केलं होतं. पत्र्याच्या शेडात पहिल्यांदा चूल पेटवली तवा. पीठ मदतीतलं होतं, पण पोळपाट-लाटणं ढिगाऱ्याखाली गेलेलं. मग पीठ पातळ कालवलं आन् तव्यावर वतलं. कुणीतरी चिंच-गूळ दिला, त्येचं आंबटगोड केलं. लेकरं पोटभर जेवली. लई दिसांनी हसली."

वर्ग एकदम शांत झाला. मीही काही बोलले नाही. हिरोशिमा कुठं, सास्तूर कुठं! दोघींना एकमेकींचं नावही माहीत नाही. पण घर पडल्यावर, हाती जेवढं उरलं त्यातून लेकरांसाठी दोघींनी केलं ते एकच. हिरोशिमाकरांनी आपल्या त्या हलाखीतल्या धिरड्याची लाज बाळगली नाही. आज जगभरातून पाहुणे ते खायला हिरोशिमाला जातात. आपण मात्र शहरातून पाहुणा आला, की धिरडं झाकून ठेवतो आणि दुकानातली पाकिटं फोडतो. असं का बरं?

असो. पुढच्या शनिवारी आम्ही शाळेत हा सॉस केला. चिंच गावची, गूळ गावचा. विकत आणला तो फक्त खजूर आणि सोया सॉसची छोटी बाटली. तुम्हीही करून पाहा. मात्र गॅसजवळचं काम आई, बाबा किंवा ताईच्या हातानं.

साहित्य : लिंबाएवढी चिंच, बिया काढलेले ६ खजूर, २ पिकलेले टोमॅटो, १ लहान कांदा, लसणाच्या २ पाकळ्या, आल्याचा छोटा तुकडा, २ मोठे चमचे गूळ, २ मोठे चमचे सोया सॉस, पाव चमचा मिरपूड, १ लवंग, १ चमचा तेल.

कृती : चिंच आणि खजूर एक वाटी गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. चिंच कुस्करून गाळा. चिंचोके, शिरा निघून जातील. स्टीलच्या पातेल्यात तेलावर कांदा, आलं, लसूण परता. टोमॅटो घालून मऊ शिजवा. लवंग काढून ठेवा, ती शेवटी लागेल. आता चिंचेचं पाणी आणि खजूर घालून पाच मिनिटं उकळा. गार झाल्यावर मिक्सरमधून किंवा पाट्यावर बारीक वाटा आणि गाळून घ्या. पुन्हा पातेल्यात ओता. गूळ, मिरपूड, लवंग घालून मंद आचेवर ढवळत राहा. चमच्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढली आणि ती तशीच राहिली, की सॉस झाला. शेवटी सोया सॉस घाला, एक उकळी आणा आणि लवंग काढून टाका. मीठ चव बघूनच घाला, कारण सोया सॉस खारट असतो. गार झाल्यावर काचेच्या कोरड्या बाटलीत भरा. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो.

स्टीलचंच पातेलं का? चिंचेत टार्टारिक आम्ल असतं. ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ शिजवला, तर आम्ल धातूला खातं आणि तो अंश आपल्या पोटात जातो. आजी उगाच म्हणत नव्हती, "आंबट हाय, कल्हईच्या भांड्यात कर!"

आणि धिरडं? एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी गव्हाचं पीठ, दोन वाट्या अगदी बारीक चिरलेला कोबी, मीठ आणि जिरं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून दोन्ही पिठं हवीत. खात असाल तर एक अंडं फोडून घाला, नाहीतर दोन चमचे बेसन. सरसरीत कालवा, तव्यावर जाडसर पसरा, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. वरून सॉसच्या रेघा ओढा.

घाई असेल, तर जपानी घरांतली सोपी युक्ती अशी : टोमॅटो केचप, वूस्टर सॉस, थोडा सोया सॉस आणि साखर एकत्र ढवळायची, की झालं. पण शाकाहारी घरांनी वूस्टर सॉसच्या बाटलीवरची बारीक अक्षरं आधी वाचावीत. मासे असतात म्हणून सांगितलं ना मघाशी?

आमच्या शाळेत त्या शनिवारी ३२ पोरं होती. शेवटचं धिरडं चौघांनी वाटून खाल्लं. मागच्या बाकावरचा तो काकवीवाला बोटं चाटत म्हणाला, "बाई, ह्ये पंचामृतावाणी लागतंय. सणाला माय करती तसं."

अगदी बरोबर! चिंच-गुळाचं आंबटगोड आपण सणावाराच्या पानात वाढतच आलो आहोत. जपानी सॉस शिकायला गेलो आणि आपल्याच घरचं पंचामृत नव्यानं ओळखलं. 'ओकोनोमी' म्हणजे आवडीचं, हे विसरू नका. कोकणातल्या मुलांनो, चिंचेऐवजी आमसूल घालून पाहा. विदर्भातल्या मुलांनो, थोडा संत्र्याचा रस घाला. आणि येत्या सुट्टीत तुळजापूरला आलात, तर तेरलाही या. बांधावरच्या चिंचेखाली सावली आहे, आणि आमच्या घरी धिरडं आहे. आता ते आम्ही झाकून ठेवणार नाही.