पुढचा मॅनेजर कोण, भो?

माझ्या लहानपणी पहूरमध्ये मी कुठे गोलपोस्ट पाहिलेले नाहीत. पेठ आणि कसबे अशा दोन ग्रामपंचायती होत्या, वाघूर होती, पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी नॅरोगेज होती (तीही २०२० पासून बंद), अजिंठ्याकडे निघालेल्या बसगाड्या स्टँडवर थांबायच्या. पण दोन खांब आणि त्यांच्यावर एक आडवा बार, असं काही उभं नव्हतं. तरी आज गावात आम्ही सात जण असे आहोत की ज्यांना मध्यरात्री उठवून विचारलं, मँचेस्टर युनायटेडचा पुढचा मॅनेजर कोण असावा, तर कोणीही डोळे चोळत एक नाव सांगेल. आणि उरलेले सहा जण ते नाव खोडून काढतील.

सातांपैकी एकाचं मेडिकल आहे, एक एसटीत कंडक्टर आहे, एक पतसंस्थेत आहे, दोघं जळगावला अपडाउन करतात, एक शेती करतो. सातवा मी. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि दिवाळी-आखाजीला गावी येतो. आमची मैत्री शाळेची असली तरी ती टिकली युनायटेडमुळे. आणि युनायटेडवरची चर्चा टिकली ती, खरं सांगायचं तर, युनायटेडच्या वाईट दिवसांमुळे.

मे २०१३ मध्ये सर अॅलेक्स फर्गसन निवृत्त झाले तेव्हा आम्ही दहावीच्या निकालाची वाट बघत होतो. नोव्हेंबर १९८६ पासून माणूस एकाच खुर्चीवर बसलेला, १३ वेळा लीग जिंकलेला. मॅनेजर ही बदलायची गोष्ट असते हेच आम्हाला तोवर माहीत नव्हतं. मग मोयेस आला. सहा वर्षांच्या करारावर आला आणि दहा महिन्यांत गेला. मग व्हॅन हाल. एफए कप जिंकल्यावर दोनच दिवसांत त्याला काढलं. मग मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग, आमोरिम. मधल्या मधल्या हंगामी माणसांना मी मोजतही नाही. आमोरिमच्या पहिल्या हंगामात, २०२४-२५ मध्ये, क्लब पंधराव्या क्रमांकावर आला. या सगळ्या काळात आम्ही सात जण अकरावी-बारावीतून नोकरी, लग्न, कर्जाच्या हप्त्यांपर्यंत आलो. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवरचा प्रश्न मात्र तोच राहिला. ‘काय भो, आता कोण?’

या प्रश्नाला आमच्याकडे तीन पार्ट्या आहेत. पहिली नाववाल्यांची. युरोपात ज्याने कप जिंकलेत तोच पाहिजे, मोठ्या क्लबला मोठंच नाव शोभतं. दुसरी घरच्यांची. क्लबचा जुना खेळाडू आणा, त्याला इथलं पाणी माहीत असतं. तिसरी पद्धतवाल्यांची. ही मंडळी तिघांचा बचाव, प्रेसिंग, एक्सजी असले शब्द वापरतात. ज्या मॅनेजरचं नाव बाकी कोणी ऐकलेलं नसतं तोच यांना हवा असतो. गंमत म्हणजे युनायटेडने गेल्या बारा वर्षांत तिन्ही पार्ट्यांचे उमेदवार वापरून पाहिले. मोरिन्यो नाववाल्यांचा, सोल्शार घरच्यांचा, आमोरिम पद्धतवाल्यांचा. त्यामुळे आमच्याकडे कोणालाच ‘आमचं ऐकलं असतं तर’ म्हणायची सोय राहिलेली नाही. तरी सगळे म्हणतात.

शेती करणारा मित्र एकटाच कोणत्याही पार्टीत नाही. तो म्हणतो, ‘कोणी बी येऊ दे, सेंटरबॅक तेच राहतील ना?’

त्याच्या या एका वाक्यावर मी बराच विचार केला आहे, कारण माझा धंदाही असाच आहे. आमच्या क्षेत्रात एखादी सिस्टिम कोसळली की नंतर एक बैठक होते. चांगल्या ठिकाणी त्या बैठकीचा नियम असा की कोणाचं नाव घ्यायचं नाही. ‘कोणी केलं’ असं न विचारता ‘असं होऊ कसं शकलं’ असं विचारायचं. नियम ऐकायला सोपा आहे, पाळायला फार अवघड. मी आधी ज्या कंपनीत होतो तिथे एका प्रोजेक्टला वर्षभरात तीन लीड लाभले. प्रत्येक नवा लीड आला की पहिला महिना उत्साहात जायचा, नवे बोर्ड, नव्या मीटिंगा. जुना कोड तसाच राहायचा. क्लायंटने डेडलाइन कशाच्या आधारावर ठरवली, हे शेवटपर्यंत कोणी विचारलं नाही. माणूस बदलणं सोपं असतं. त्याला एक तारीख असते, एक फोटो असतो, एक ईमेल असतो. बाकी गोष्टींना तसं काही नसतं.

हॉलंडच्या लीगचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे. मॅनेजर काढल्यावर संघ सुधारतो असं दिसतं. पण तितकीच घसरण होऊनही ज्यांनी मॅनेजर काढला नाही, ते संघही जवळपास तेवढेच सुधारतात. मी हे टपरीवर सांगितलं तेव्हा कोणाला पटेना. मग कंडक्टर मित्रानेच ते सोपं करून दिलं. तीन वर्षं पाऊस कमी पडला, गावाने सरपंच बदलला आणि चौथ्या वर्षी वाघूरला पूर आला, तर पूर काय सरपंचाने आणला?

मी पुण्यात इंजिनिअरिंग करत होतो तेव्हा आम्हाला घरचा म्हणावा असा एक क्लब मिळाला होता, एफसी पुणे सिटी. बालेवाडीत मॅच असायच्या. टीव्हीवर पाहिलेला खेळ आणि गवताचा वास येईल इतक्या जवळून पाहिलेला खेळ, यांतला फरक मला तिथे कळला. २०१७-१८ मध्ये रांको पोपोविचच्या हाताखाली संघ उपांत्य फेरीत गेला. पुढच्या हंगामात मिगेल आंगेल पोर्तुगाल आला आणि तीन मॅचनंतर गेला. मग प्रद्युम रेड्डीने हंगामी सूत्रं सांभाळली, मग इंग्लंडहून फिल ब्राऊन. आम्ही हॉस्टेलवर दर वेळी तावातावाने ठरवायचो, पुढचा कोण. २०१९ मध्ये क्लबच बंद झाला. लीगमधली जागा हैदराबादला गेली आणि फिल ब्राऊनही तिकडेच गेला. आम्ही ज्या खुर्चीवर भांडत होतो ती खुर्ची ज्या खोलीत होती, ती खोलीच राहिली नाही. मॅनेजर कोण, या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न असतो, क्लब कोणाचा आणि कशावर चालतो. तो आम्ही कधी विचारला नव्हता, आणि विचारला असता तरी आम्हाला कोण उत्तर देणार होतं?

मुंबईची गोष्ट याहून बोलकी आहे. कूपरेजवर खेळणारा मुंबई एफसी हा क्लब २००७ मध्ये सुरू झाला. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया असा मुंबईतच खेळलेला खालिद जमील तिथे खेळाडू म्हणून आला आणि २००९ मध्ये प्रशिक्षक झाला. सात वर्षं तो तिथे होता. पैसा कमी, नावं छोटी, खेळ बचावाचा. अनेकदा संघ खालच्या लीगमध्ये जाता जाता वाचायचा. अशा माणसावर कोणी लेख लिहीत नाही. ‘वाचवलं’ हा काही कप नसतो. २०१६ मध्ये क्लब आणि खालिद वेगळे झाले.

पुढच्या हंगामात काय झालं ते मी टपरीवर प्रत्येकाला किमान दोनदा सांगितलं आहे. खालिद गेला मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे. हा क्लब आदल्या वर्षी आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून त्याला पुन्हा घेतलं होतं. मुंबईहून जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे खेळाडूही तिकडे गेले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी साधून ऐझॉल भारताचा विजेता झाला. मोहन बागान एका गुणाने मागे राहिलं. ईशान्य भारतातल्या क्लबने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. २०११ च्या जनगणनेत मिझोरामची लोकसंख्या सुमारे ११ लाख आहे, आपल्या एकट्या जळगाव जिल्ह्याची ४२ लाख. आणि मुंबई एफसी? त्यांनी त्या हंगामात मध्येच प्रशिक्षक बदलला, शेवटच्या क्रमांकावर आले, खाली घसरले आणि क्लब संपला.

हे सांगून झाल्यावर मेडिकलवाला मित्र म्हणाला, ‘बघ, म्हणजे मॅनेजरनेच फरक पडतो ना?’ त्याचा मुद्दा बरोबर होता. फरक पडतोच. पण कोणता मॅनेजर फरक पाडेल हे ओळखायचं कसं? खालिद मुंबईत सात वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्याचं काम दिसायला त्याला हजारो किलोमीटर दूर डोंगरात जावं लागलं. आपल्याकडे नाव आधी पोचतं, काम मागून येतं. कधी कधी येतच नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये याचं टोक पाहायला मिळालं. भारतीय संघाचं प्रशिक्षकपद रिकामं होतं, १७० अर्ज आले होते आणि त्यांत बार्सिलोनाच्या चावीचं नाव असल्याची बातमी आली. दोन दिवस आमच्या नाववाल्या पार्टीने टपरी डोक्यावर घेतली. मग महासंघाने सांगितलं की चावी आणि ग्वार्दिओला यांच्या नावाने आलेले ईमेल खोटे होते. १ ऑगस्टला निवड झाली खालिद जमीलची. सावियो मेदेइरानंतर १३ वर्षांनी भारतीय माणूस त्या जागेवर आला. पुढच्याच महिन्यात मध्य आशियाच्या नेशन्स कपमध्ये भारताने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला आणि सगळे म्हणाले, ‘बघा, आपला माणूस!’ ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरने २-१ ने हरवलं, २०२७ च्या आशियाई कपची वाट बंद झाली, नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशने हरवलं. लगेच प्रश्न आला, ‘मग आता कोण?’ याच काळात देशातली सगळ्यात मोठी लीग करारांच्या भांडणात अडकून थांबली होती. अनेक खेळाडूंना पुढची मॅच कधी आहे हेच माहीत नव्हतं. सेंटरबॅकही तेच होते.

मग आम्ही हा प्रश्न सोडून का देत नाही?

शेती करणाऱ्या मित्राकडे पाहून मला त्याचं एक उत्तर सापडतं. शेतीपंपाची लाईट काही दिवस दिवसाची असते, काही दिवस रात्रीची. रात्रीची असली की तो मक्याला पाणी भरायला जातो. एका हातात बॅटरी, विहिरीच्या कठड्यावर मोबाईल टेकवलेला, त्यात युरोपातली मॅच. रात्री दीड वाजता तो मला मेसेज टाकतो, ‘याला काढा भो आता.’ मोटार किती वाजता चालू होणार, हे त्याला कोणी विचारत नाही. खेडा खरेदीवाला व्यापारी दारात येऊन कापसाचा भाव सांगतो, तेव्हा तो नुसता ऐकतो. पाऊस, विमा, भाव, लाईट यांतलं काहीच त्याच्या मतावर चालत नाही. युनायटेडही चालत नाही म्हणा. पण तिथे निदान लंडनमधल्या माणसाचं मतही त्याच्या मताइतकंच निरुपयोगी असतं. ही बरोबरी त्याला दुसरीकडे कुठे मिळत नाही. म्हणून तो मॅनेजरवर बोलतो तेव्हा मी त्याला हॉलंडचा अभ्यास ऐकवत नाही.

गेल्या पावसाळ्यात मात्र या चर्चेला वेगळंच वळण लागलं. नववी-दहावीतली काही पोरं बांबूचे गोलपोस्ट रोवून खेळायला लागली होती. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत उतरायचं त्यांच्या डोक्यात होतं. एक दिवस त्यांतले दोघं टपरीवर आले. म्हणाले, ‘दादा, तुम्ही लोक रोज मॅनेजरवर बोलतात. आम्हाला शिकवायला या ना कोणी.’

बारा वर्षांत पहिल्यांदा टपरीवर त्या प्रश्नाला शांतता पसरली. कंडक्टरची पहाटेची ड्युटी, मेडिकलला सुट्टी नाही, अपडाउनवाल्यांची सातची गाडी. मी परवा पुण्याला निघणार होतो. आमच्या तिन्ही पार्ट्यांकडे एकही उमेदवार नव्हता. शेवटी शेतीवाला मित्र म्हणाला, ‘मी येईन सकाळी सहाला. पण लाईट रात्रीची असली की त्या दिवशी तुम्ही तुमचं पळून घ्यायचं.’ पोरं हो म्हणाली. मेडिकलवाल्याने पट्ट्या आणि स्प्रे देतो म्हणून सांगितलं, पतसंस्थेवाल्याने एक बॉल.

पहिली मॅच पोरं ४-० ने हरली. मी पुण्यात ऑफिसात होतो. संध्याकाळी मेडिकलवाल्याचा फोन आला. ‘बचाव पार उघडा होता भो. दुसरा कोणी बघावा लागेल.’

मी त्याला डिसेंबर १९८९ मधला ओल्ड ट्रॅफर्डवरचा तो फलक आठवून दिला. फर्गसनने तीन वर्षं नुसती कारणं दिली, आता निघा, अशा अर्थाचं काहीतरी कापडावर लिहून चाहत्यांनी तो फडकवला होता. पहिला कप त्यानंतर पाच महिन्यांनी आला.

तो म्हणाला, ‘ठीक आहे. पण मग सेंटरबॅक तरी बदला.’

मी म्हटलं, ‘ते मॅनेजरला सांग. तो विहिरीवर असेल.’