माझ्या रक्ताला हात लावू नका

गळीत हंगामातील एका सायंकाळी, चौफुल्याहून केडगावकडे येणाऱ्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला चुकविताना मोटारसायकलवरून पडून डोके फुटलेल्या एका इसमास मी आणि माझा सालगडी मिळून जीपमध्ये घालीत असता, त्या अर्धवट शुद्धीतील मनुष्याने माझा हात बाजूला सारला आणि क्षीण स्वरात तो म्हणाला, "दादा, माझ्या रक्ताला हात लावू नका. मला एच.आय.व्ही. आहे." स्वतःच्या प्राणांवर बेतले असता परक्याची एवढी चिंता वाहणारा मनुष्य माझ्या पाहण्यात दुसरा नाही. त्याला आम्ही इस्पितळात पोहोचविले. परंतु माझे हात तोवर मनगटापर्यंत रक्ताने माखले होते, आणि त्याच हातांवर उसाच्या पाचटाने काढलेले ओरखडे होते.

साबणाने हात धुऊन मी घरी आलो व घडलेली हकिगत सांगितली, तेव्हा आईने, केवळ नातवंडांच्या काळजीपोटी, माझे ताट आणि तांब्या वेगळा काढला. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळच्या गाडीने मी पुण्यास ससून रुग्णालयात गेलो.

तेथील डॉक्टरांनी प्रथम माझे हात उजेडात धरून बारकाईने पाहिले. ओरखडे जुने असून त्यांवर खपली धरलेली होती, ताजी जखम एकही नव्हती. सबब औषधाची गरज नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला. अखंड त्वचा हा विषाणूस न ओलांडता येणारा तट आहे, आणि शरीराबाहेर पडून सुकलेल्या रक्तात तो फार काळ तग धरीत नाही, हे त्यांनी समजावून सांगितले. बाधित रक्ताने भरलेली सुई एखाद्या परिचारिकेच्या बोटात खोल रुतली, तरीही उपचाराविना लागण होण्याचा संभव हजारात सुमारे 3 इतकाच असतो, हा आकडा ऐकून माझ्या छातीवरचे ओझे उतरले. खरा धोका असता, तर 72 तासांच्या आत, आणि शक्य तर पहिल्या काही तासांतच, प्रतिबंधक गोळ्या सुरू करून त्या 28 दिवस घ्याव्या लागल्या असत्या. मनाची खातरजमा व्हावी म्हणून त्यांनी रक्त तपासले व तीन महिन्यांनी पुन्हा बोलाविले. दोन्ही वेळा दाखला निर्दोष आला.

समुपदेशन करणाऱ्या ताईंपाशी मी घरच्यांचे प्रश्न मांडले. त्या म्हणाल्या, "काका, हा विषाणू चारच वाटांनी येतो: असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दुसऱ्याने वापरलेली सुई, आणि बाधित मातेकडून गर्भावस्थेत, प्रसूतीत वा स्तनपानातून बालकाकडे. ताट, तांब्या, खोकला, घाम यांतून तो येत नाही." डासांविषयी मी मुद्दाम विचारले, कारण कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या आमच्या मुलखात डासांना तोटा नाही. डासाच्या पोटात हा विषाणू वाढत नाही, तेथेच नष्ट होतो, हे त्यांचे उत्तर. आणि विचार केला तर डासांनी तो पसरत असता, तर आमच्या वस्तीवरील म्हातारीकोतारी आणि पोरेबाळे सारखीच आजारी पडली असती.

परतीच्या गाडीत केडगाव जवळ येऊ लागले, तसे तेथील पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन मनात आले. 1897 साली पुण्यात प्लेगचा कहर चालू असता, दुष्काळातून आणलेल्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले, म्हणून रमाबाईंनी त्यांना या माळावर आणले. प्लेगमध्ये गाव सोडून रानात राहण्यास अर्थ होता, कारण त्या रोगाच्या पिसवा उंदरांबरोबर घराघरांत वावरत होत्या. आजोबा-पणजोबांनी भोगलेल्या त्या साथीचे शहाणपण आमच्या हाडीमाशी इतके भिनले आहे, की जवळ बसण्याने मुळीच न पसरणाऱ्या या रोगालाही आम्ही तोच न्याय लावतो आणि माणसाला वाळीत टाकतो. माझ्या मते या रोगाने जेवढे दुःख दिले, त्याचा फार मोठा वाटा या चुकीच्या न्यायाचा आहे.

तो इसम बरा झाला. पुढे भेटला तेव्हा कळले की सरकारातून 2004 सालापासून मोफत मिळणाऱ्या गोळ्या तो वर्षानुवर्षे नियमाने घेतो, आणि त्याची बायको व मुले निरोगी आहेत. गोळ्यांनी रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतका दबला व तसाच राहिला, म्हणजे शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. घरी मी सारे इत्थंभूत सांगितले आणि आईने त्याच दिवशी माझे ताट पुन्हा पंगतीत मांडले.

वाचकहो, रस्त्यावर पडलेल्या जखमी माणसास बिनदिक्कत उचला. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवा. रक्त लागले तर साबण व वाहते पाणी पुरे. जखम असेल तर ती पिळू नका. ताज्या जखमेत, डोळ्यांत वा तोंडात रक्त गेले असल्यास त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. शंका असेल तर 1097 या निःशुल्क क्रमांकावर विचारा. तेथे तुमची माहिती गुप्त राखली जाते.